फुलाआधी पान पाहा : चैत्रातील फुलपाखरे आणि पतंग यांविषयी वाचकांचे प्रश्न

फाल्गुन आणि चैत्र या दोन महिन्यांत आपल्या परिसरात दिसणाऱ्या फुलपाखरांविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. त्याला सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून आलेली पत्रे अपेक्षेपेक्षा बरीच अधिक आहेत. अनेक पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत आलेली असल्यामुळे त्यांतील सात प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गाव आणि व्यवसाय दिला आहे.

प्रश्न : फुलपाखरे पावसाळ्यानंतरच पाहावीत असे सगळेच सांगतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासच्या रस्त्यावर ती शेकड्यांनी दिसतात, हे मीही पाहिले आहे. मार्च-एप्रिलमध्ये मात्र डोंगर पिवळे पडलेले असतात. या दिवसांत बाहेर पडण्यात काही अर्थ आहे का? असल्यास नेमके कोठे पाहावे? (निवृत्त शिक्षक, सातारा)

आपले निरीक्षण बरोबर आहे. आपल्याकडे फुलपाखरांची संख्या पावसाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत सर्वाधिक असते, कारण अळ्यांना लागणारा कोवळा पाला आणि प्रौढ फुलपाखरांना लागणारी फुले या दोन्ही गोष्टी त्या काळात मुबलक असतात. परंतु वसंतात फुलपाखरे नसतात असा निष्कर्ष यावरून काढू नये. या ऋतूत ती विखुरलेली नसून ठरावीक जागी एकवटलेली असतात, आणि ती जागा ओळखता आली की एका सकाळीत पंधरा-वीस जाती सहज दिसू शकतात.

ती जागा ओळखण्याची माझी रीत अशी आहे की, फूल शोधण्याआधी पान शोधावे. फुलपाखराची मादी कोणत्याही झाडावर अंडी घालत नाही. तिच्या अळीला जे पान चालते त्याच वनस्पतीवर, आणि बहुतेक जातींत कोवळ्या पानांवरच, ती अंडी घालते. डोंगरावरचे गवत वाळलेले असले, तरी याच दिवसांत अनेक झाडांना चैत्रपालवी फुटते. रस्त्याकडेचा करंज फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळून चकचकीत पोपटी पालवीने भरतो आणि त्या पालवीची कड दुमडलेली दिसली, तर आत ‘कॉमन बँडेड ऑल’ या जातीची अळी असण्याचा संभव मोठा असतो. गृहसंकुलांच्या कुंपणाला लावलेल्या उंच, सरळसोट खोट्या अशोकाच्या तांबूस कोवळ्या पानांवर ‘टेल्ड जे’ अंडी घालते. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेले हे फुलपाखरू इतके चंचल असते की मध पितानाही त्याच्या पंखांची थरथर थांबत नाही. त्यामुळे उडते फुलपाखरू न्याहाळण्यापेक्षा त्याची अळी पाहणे नवशिक्याला सोपे जाते.

आंब्याचे झाड तर या दिवसांत वेगळा धडाच शिकवते. मोहर गळून कैऱ्या धरू लागल्या की खालच्या फांद्यांवरील पाने एकेक करून उलटसुलट पाहावीत. ‘कॉमन बॅरन’ची हिरवी अळी पानाच्या मधल्या शिरेवर बरोबर लांबीला लांबी जुळवून पडलेली असते आणि तिच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी निघालेले पिसासारखे काटे पानाच्या उपशिरांत इतके बेमालूम मिसळतात की, समोर असूनही ती अनेकदा दिसत नाही. त्याच आंब्यावर बांडगूळ असेल, तर तेही लक्षपूर्वक पाहावे. बांडगुळाच्या पानांवर ‘कॉमन जेझेबेल’ या फुलपाखराची मादी पुंजक्याने अंडी घालते आणि तिच्या अळ्या लहानपणी कळपाने एका पानावर चरतात. पंखांच्या खालच्या बाजूचा गर्द पिवळा रंग आणि त्याच्या कडेने लाल ठिपके यांमुळे मराठीत या फुलपाखराला हळदीकुंकू म्हणतात. या नावाइतके समर्पक दुसरे नाव मला तरी ठाऊक नाही. बांडगूळ झाडाचा रस शोषते म्हणून बागाईतदार ते तोडतात, आणि फळबागेत ते योग्यही आहे. परंतु बांधावरच्या एखाद्या जुन्या, उत्पन्न न देणाऱ्या आंब्यावरचे बांडगूळ राहू द्यावे, अशी माझी विनंती आहे.

दुसरी जागा म्हणजे ओल. उन्हाळा जसजसा चढतो तसतसे ओढे आटत जातात आणि उरलेल्या ओलसर वाळूवर फुलपाखरे दाटीने बसून पाणी शोषताना दिसतात. याला चिखलपान म्हणतात. त्यात प्रामुख्याने नर असतात, कारण फुलांच्या मधात जवळजवळ नसलेले क्षार, विशेषतः सोडियम, त्यांना या ओलीतून मिळतात आणि मीलनाच्या वेळी त्यांतील काही भाग नराकडून मादीकडे जाऊन पुढे अंड्यांच्या उपयोगी पडतो. साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासकडे जाताना लागणारे झाडीतले ओढे, उरमोडीचे आणि वेण्णेचे काठ, तसेच गुरे पाण्यावर येतात तेथील ओली जमीन या जागा सकाळी पाहाव्यात. सांगलीकरांना हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी आणि सागरेश्वर अभयारण्यात अशा जागा मिळतील. सागरेश्वर हे 10.87 चौरस किलोमीटरचे लहानसे अभयारण्य असून 1985 साली जाहीर झाले. उजाड डोंगरावर लोकांच्या श्रमांतून लावलेले आणि राखलेले हे जंगल आहे. मूळची वनसंपदा नसलेल्या जागी झाडे लावून जोपासली की त्या झाडांवर जगणारे कीटकही येऊन वसतात, हे पाहायला तेथे अवश्य जावे.

वेळेविषयीही थोडे सांगतो. फुलपाखरांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या उष्णतेवर अवलंबून असते. सकाळी पंख पसरून ती ऊन खातात, अंग तापल्यावर उडतात आणि दुपारी ऊन असह्य झाले की सावलीत जाऊन बसतात. सांगली-मिरजेकडे एप्रिलमध्ये पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो, म्हणून सकाळी साडेआठ ते अकरा हीच खरी वेळ आहे. संध्याकाळी मात्र ‘कॉमन इव्हनिंग ब्राउन’ पाहण्यासाठी पुन्हा बाहेर पडावे. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात. कोरड्या ऋतूतल्या पिढीचे तेच ठिपके जवळजवळ पुसले जाऊन पंख हुबेहूब वाळक्या पानासारखे होतात. एकाच जातीची ही दोन रूपे पाहण्यासाठी तरी वसंतातल्या फेऱ्या चुकवू नयेत.

डोंगर पिवळे पडतात, असे आपण लिहिले आहे. पिवळे डोंगर ही अडचण नाही. काळे पडलेले डोंगर ही आहे. गवत चांगले फुटते या समजुतीने किंवा निव्वळ बेफिकिरीने दर वर्षी फेब्रुवारीपासून आपल्या टेकड्यांवर वणवे लावले जातात. गवताच्या बुडख्याशी, दगडाखाली आणि झुडपांच्या काड्यांवर त्या वेळी असंख्य अळ्या व कोष पावसाची वाट पाहत असतात. त्यांना उडून जाता येत नाही. पावसाळ्यानंतर ज्या टेकडीवर फुलपाखरे कमी दिसतात तिच्यावर मार्चमध्ये काय घडले होते, याची चौकशी अवश्य करावी.

प्रश्न : गच्चीवरच्या कढीपत्त्याची पाने कोणीतरी रातोरात खाते. नीट पाहिले तेव्हा पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी पानावर दिसले आणि ते हलले. पुढे तेथेच जाड हिरव्या अळ्या दिसू लागल्या. काडीने हलवल्यावर एकीने डोक्यामागून शिंगासारखे काहीतरी बाहेर काढले आणि विचित्र वास आला. औषध फवारावे का? (गृहिणी, विश्रामबाग, सांगली)

कृपया फवारू नका. प्रथम कारण हे की, ती पाने आपल्या आमटीत जाणार आहेत; आणि दुसरे असे की, आपल्या गच्चीवर सध्या जे चालले आहे ते पाहण्यासाठी अभ्यासक मुद्दाम कढीपत्ता लावतात.

या अळ्या ‘लाइम बटरफ्लाय’ किंवा ‘कॉमन मॉर्मन’ यांच्या असणार. दोन्ही फुलपाखरे लिंबाच्या कुळातील झाडांवर, म्हणजे लिंबू, कढीपत्ता, बेल यांवर वाढतात. मादी कोवळ्या शेंड्यावर एकेक गोल, फिकट अंडे घालते आणि तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. लहान अळी काळपट-पांढरी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. अंग वाढले की हे सोंग चालण्याजोगे राहत नाही. तेव्हा शेवटची कात टाकून ती पानासारखी हिरवी होते. आपण पाहिलेले शिंग म्हणजे डोक्यामागे दडवलेला दुहेरी मांसल अवयव आहे. मुंगी, कोळी किंवा गांधीलमाशी यांसारखा शत्रू जवळ आला की अळी तो झटकन बाहेर काढते आणि त्याच्या उग्र वासाने शत्रूला दूर ठेवते. माणसाला त्याचा काहीही अपाय होत नाही, तरी केवळ गंमत म्हणून तिला पुन्हा पुन्हा डिवचू नये, कारण त्यात तिची शक्ती खर्च होते.

दोन-अडीच आठवड्यांत अळीची वाढ पूर्ण होते. मग ती खाणे थांबवते, काडीवर किंवा भिंतीवर जागा निवडते, शेपटाकडचे टोक रेशमाच्या गादीत अडकवते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेते आणि कोषात जाते. कोष हिरव्या काडीवर बहुधा हिरवा आणि वाळक्या काडीवर तपकिरी असतो. साधारण दहा-बारा दिवसांनी, शक्यतो सकाळच्या वेळी, फुलपाखरू बाहेर येते. कोषाची त्वचा पारदर्शक होऊन आतले पंख दिसू लागले की दुसऱ्या दिवशी लवकर उठावे. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख सुरुवातीला चुरगळलेले असतात. त्यांत द्रव भरून ते ताणले जायला आणि वाळायला तास-दोन तास लागतात. त्या वेळी मदत करण्याच्या इच्छेनेही त्याला हात लावू नये. कोष कापून फुलपाखराला ‘सोडवण्या’चा प्रयत्न तर कधीच करू नये, तसे केल्यास पंख कायमचे अधू राहतात.

कुंडीतले झाड लहान असेल आणि अळ्या पाच-सहा असतील, तर झाड खरोखरच बोडके होऊ शकते. अशा वेळी अळीला हाताने न उचलता पानासकट खुडावे आणि जवळपासच्या मोठ्या लिंबाच्या किंवा बेलाच्या झाडावर ते पान टाचणीशिवाय, दोन फांद्यांच्या बेचक्यात अडकवून ठेवावे. ती आपोआप नव्या पानावर जाते. कढीपत्त्याला पुन्हा पालवी फुटतेच. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे निराशा होणार नाही. प्रत्येक कोषातून फुलपाखरू बाहेर येत नाही. काही कोषांना बारीक भोक पडलेले दिसेल आणि आतून चिमुकल्या गांधीलमाश्या निघतील. त्या अळीच्या किंवा कोषाच्या अंगात अंडी घालतात. हे पाहून हळहळ वाटते, परंतु या माश्या नसत्या तर लिंबाच्या बागा उरल्या नसत्या.

गच्चीवर आणखी एक कुंडी ठेवण्याजोगी जागा असेल तर पानफुटी लावावी. ‘रेड पियरो’ या इवल्याशा काळ्या-पांढऱ्या-नारिंगी फुलपाखराची अळी पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून आतला गर खात पुढे सरकते. पान उन्हाकडे धरले की तिचा मार्ग फिकट रेषेसारखा दिसतो. पानाच्या बाहेरून अळीचे जगणे असे उलगडून दाखवणारी दुसरी सोपी वनस्पती मी पाहिलेली नाही.

प्रश्न : फुलपाखरू आणि पतंग यांच्यातील फरक एका वाक्यात सांगता येईल का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कराड)

एका वाक्यात सांगायचे तर मिशा पाहाव्यात : फुलपाखराच्या मिशा बारीक दांड्यासारख्या असून टोकाशी गोळ्यासारख्या जाड होतात, तर पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या निमुळत्या किंवा पिसासारख्या फाटे असलेल्या असतात. दिवसा उडते ते फुलपाखरू आणि रात्री उडतो तो पतंग ही समजूत मात्र सोडून द्यावी. काळ्या-पिवळ्या अंगाचे, गांधीलमाशीसारखे दिसणारे कित्येक पतंग भर दुपारी फुलांवर असतात, आणि अबोलीच्या किंवा घाणेरीच्या फुलांसमोर हवेत तरंगत लांब सोंडेने मध पिणारा, ज्याला लोक हमिंगबर्ड समजून छायाचित्रे पाठवतात, तोही पतंगच असतो. हमिंगबर्ड हा पक्षी भारतात आढळत नाही. जगात फुलपाखरांच्या सुमारे 18,000 जाती आहेत, पतंगांच्या त्याच्या कितीतरी पट अधिक आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : आमची तीन एकर डाळिंबाची बाग आहे. फुलपाखरे वाचवा, असे आपण लिहिता. पण फळ पोखरणारी अळी ही एका फुलपाखराचीच असते, असे आम्हाला कृषी प्रदर्शनात सांगण्यात आले. ते खरे असेल तर आम्ही काय करावे? (शेतकरी, आटपाडी)

ते खरे आहे, आणि आपण हा प्रश्न विचारला याबद्दल मी आपला आभारी आहे. कारण फुलपाखरांविषयी लिहिणारे आम्ही लोक हा भाग पुष्कळदा टाळतो.

या फुलपाखराला ‘अनार बटरफ्लाय’ म्हणतात. नराचे पंख वरून निळसर-जांभळी झाक असलेले असतात. मादी तपकिरी असून तिच्या पुढच्या पंखावर नारिंगी डाग असतो. मादी फुलावर, फळाच्या मुकुटापाशी किंवा कोवळ्या फळावर एकेक अंडे घालते. अळी फळात शिरून दाणे खाते, तिची विष्ठा भोकाशी साचते आणि त्या वाटेने बुरशी व जिवाणू शिरून फळ सडते. हीच अळी पेरू, चिंच आणि आवळा यांच्या फळांतही वाढते, म्हणून बागेच्या बांधावरची ही झाडेही तपासत जावीत.

आपण आंबे बहार धरला असेल तर जानेवारी-फेब्रुवारीपासून फुले आणि नंतर कोवळी फळे झाडावर असतात, म्हणजे मादीला हवे ते सर्व वसंतातच उपलब्ध असते. म्हणून याच दिवसांत सकाळी बागेतून फिरून फळांच्या मुकुटांपाशी घिरट्या घालणारी मादी दिसते का ते पाहावे, कारण भोक दिसेपर्यंत थांबल्यास ते फळ गेलेलेच असते. भोक पडलेली आणि गळालेली फळे बांधावर न टाकता गोळा करून खोल पुरावीत, कारण आतली अळी तेथेच वाढ पूर्ण करून कोषात जाते. फळे लहान असतानाच त्यांना कागदी किंवा कापडी पिशव्या बांधणे हा कष्टाचा, पण खात्रीचा उपाय आहे. औषध मारण्याची वेळ आलीच तर कृषी सहायकांच्या किंवा सोलापूर येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणेच ते मारावे आणि झाड फुलोऱ्यात असताना सकाळच्या वेळी मारू नये. त्या वेळी मधमाश्या फुलांवर असतात आणि त्या मेल्या तर फळधारणेचेच नुकसान होते.

आपल्या पत्रात दुसऱ्या एका उपद्रवाचाही उल्लेख आहे : पिकत आलेल्या फळावर टाचणीने टोचल्यासारखे छिद्र पडते आणि त्याभोवतीचा भाग मऊ होऊन कुजतो. हे अळीचे नव्हे तर प्रौढ पतंगाचे काम आहे. रस शोषणारा हा पतंग अंधार पडल्यावर येतो आणि त्याची सोंड इतकी टणक व काटेरी असते की, ती फळाची साल भेदू शकते. पावसाळ्यात व त्यानंतर त्याचा त्रास विशेष होतो. येथेही पानाचाच शोध घ्यावा लागतो, कारण त्याच्या अळ्या डाळिंबावर वाढत नाहीत; त्या गुळवेल आणि वासनवेल यांसारख्या वेलींवर वाढतात. बागेच्या अगदी लगतच्या कुंपणावरचे हे वेल काढून टाकावेत. घराजवळचा औषधी गुळवेल ठेवावा, परंतु त्यावरील अळ्यांवर नजर असू द्यावी. फळे पिकू लागली की रात्री सात ते दहाच्या दरम्यान विजेरी घेऊन फेरी मारल्यास हे मोठे, मागच्या पंखांवर नारिंगी रंग असलेले पतंग फळांवर बसलेले सापडतात आणि हाताने किंवा जाळीने पकडता येतात.

आपल्या जिल्ह्यातील जी फुलपाखरे मी मोजली आहेत, त्यांतील बहुतेकांचा पिकांशी काहीही संबंध नाही. त्यांच्या अळ्या रुई, बांडगूळ, करंज, वड, गवत आणि बांधावरची झुडपे यांवर जगतात. त्यामुळे एका जातीचा बंदोबस्त करताना संपूर्ण बांध साफ करण्याची किंवा कुंपणावर सरसकट औषध मारण्याची गरज नाही.

प्रश्न : आमच्या शाळेतील सातवीच्या मुलांना प्रकल्पासाठी फुलपाखरे पकडून पुठ्ठ्यावर लावायची आहेत. कोणत्या जाती सोप्या पडतील? (शिक्षिका, तासगाव)

एकही लावू नये, असे मी स्पष्टपणे सुचवतो. काही जातींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि कोणती जात संरक्षित आहे हे सातवीतल्या मुलाला जाळे टाकण्याआधी ओळखता येणार नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, पुठ्ठ्यावरचे फुलपाखरू मुलाला केवळ रंग शिकवते. ते कोठे बसते, काय पिते आणि अंडी कोणत्या पानाच्या कोणत्या बाजूला घालते, यातले काहीच त्यातून कळत नाही.

त्याऐवजी एक वही करावी. शाळेपासून ओढ्यापर्यंत किंवा मळ्यापर्यंत जाणारी, अर्ध्या तासात चालून होणारी एक वाट ठरवावी आणि दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच वेगाने तिच्यावरून चालावे. आपल्या दोन्ही बाजूंना साधारण अडीच मीटरच्या आणि समोर पाच मीटरच्या आत दिसतील तेवढीच फुलपाखरे मोजावीत. ब्रिटनमध्ये 1976 पासून याच पद्धतीने देशभर मोजणी होत आली आहे आणि त्यासाठी वही, पेन्सिल व नियमितपणा यांहून अधिक काही लागत नाही. वहीत तारीख, वेळ, ऊन की ढग, फुलपाखराचे नाव, संख्या आणि ते त्या वेळी काय करत होते हे लिहावे. नाव येत नसेल तर वर्णन लिहावे. ‘पांढरे, काळ्या शिरा, खालून पिवळे’ एवढे लिहिले तरी पुढे कोणीही हळदीकुंकू ओळखेल. छायाचित्र घेता आले तर पंखांच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही बाजूंचे घ्यावे, कारण कित्येक जाती केवळ खालच्या बाजूवरून ओळखता येतात.

मुलांसाठी पहिली वनस्पती म्हणून रुई निवडावी. तासगावच्या आसपास ती पडीक जागेत सर्वत्र आहे आणि तिच्यावर ‘प्लेन टायगर’च्या काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या बहुतेक ऋतूंत मिळतात. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला आणि तिच्या फुलपाखरालाही खात नाहीत. मुलांनी चीक हाताला, विशेषतः डोळ्यांना, लागू देऊ नये. हे समजल्यावर पुढचा धडा घ्यावा : ‘डॅनेड एगफ्लाय’ची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, परंतु तिची अळी घोळीच्या भाजीवर वाढते आणि तिच्या अंगात तसे विष नसते. विषारी फुलपाखराचा केवळ वेश घेऊन ती पक्ष्यांपासून वाचते. तिचा नर मात्र काळा असून त्याच्या पंखांवर पांढरे, जांभळी कड असलेले मोठे ठिपके असतात. ही जोडी एकाच जातीची आहे, यावर मुले सुरुवातीला विश्वास ठेवत नाहीत, आणि प्रकल्पाला याहून चांगला विषय नाही.

राज्य फुलपाखराविषयीही आपण विचारले आहे. महाराष्ट्राने 2015 साली ‘ब्लू मॉर्मन’ला, म्हणजे राणी पाकोळीला, हा मान दिला. मखमली काळ्या पंखांवर निळ्या रंगाची मोठी झाक असलेले आणि पंख पसरल्यावर 12 ते 15 सेंटीमीटर भरणारे हे फुलपाखरू महाबळेश्वर, कोयना आणि चांदोली या भागांतील झाडीत अधिक दिसते. तासगावच्या कोरड्या हवेत त्याची वाट पाहून मुलांचा हिरमोड करू नये.

प्रश्न : पतंगाच्या पंखांची पूड डोळ्यांत गेली तर माणूस आंधळा होतो, असे घरात सांगतात. हे खरे आहे का? (वाचक, वाई)

नाही. ती पूड म्हणजे पंखांवरचे सूक्ष्म खवले असतात. डोळ्यांत गेल्यास धुळीप्रमाणे चुरचुरेल. स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. जपायचे ते केसाळ सुरवंटांपासून. त्यांचे केस कातडीत रुतून खाज व गांधी येतात. अशा वेळी न चोळता चिकटपट्टी लावून केस काढावेत, नंतर साबणाने धुवावे आणि सूज वाढल्यास किंवा श्वासाला त्रास झाल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : आम्ही पाच-सहा मित्र एप्रिलमध्ये ठोसेघरकडच्या शेतघरावर मुक्कामाला जाणार आहोत. रात्री पतंग पाहण्याची सोय कशी करावी? आणि पतंग दिव्याकडे का येतात? (नोकरदार, सातारा)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पतंग चंद्राच्या आधाराने दिशा ठरवतात आणि दिव्याला चंद्र समजून फसतात, असे आपण सर्वांनी वाचले आहे. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अतिशय वेगवान कॅमेऱ्यांनी उडत्या कीटकांचे चित्रण केले, तेव्हा वेगळीच गोष्ट दिसली. उडताना कीटक आपली पाठ सतत उजेडाच्या दिशेला ठेवतात. लक्षावधी वर्षे रात्रीचा अधिक उजेड वरून, आकाशातूनच, येत असल्यामुळे पाठ उजेडाकडे म्हणजे शरीर सरळ, एवढे त्यांना पुरत होते. जवळचा दिवा बाजूने किंवा खालून उजेड देऊ लागला की कीटक त्याच्याकडे पाठ वळवतो, त्याचा तोल तिरका होतो आणि तो दिव्याभोवती फिरत राहतो. तो दिव्याकडे ओढला जात नसून दिव्यापाशी अडकतो, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

सोयीसाठी फारसे काही लागत नाही. दोन झाडांमध्ये दोरी बांधून त्यावर पांढरे सुती धोतर किंवा चादर ताणून टांगावी; खालची कड जमिनीवर दोन-तीन फूट पसरू द्यावी, म्हणजे खाली पडलेले पतंग तुडवले जाणार नाहीत. समोर एक पांढरा प्रखर दिवा लावावा. पिवळसर दिव्यावर कीटक कमी येतात, म्हणून घराच्या ओसरीत तोच वापरावा. अमावास्येच्या आसपासची, ढगाळ आणि वारा नसलेली रात्र निवडावी. चांदण्या रात्री पडद्यावर फारसे कोणी येत नाही. एप्रिलच्या कोरड्या दिवसांत संख्या बेताची असते, परंतु वळवाची एखादी सर येऊन गेली की त्यानंतरच्या दोन-तीन रात्री पडदा भरून जातो. मुक्कामाची तारीख बदलता येत असेल तर पंचांग आणि आकाश ही दोन्ही पाहून ठरवावी.

दिव्यावर न येणाऱ्या जातींसाठी अतिपिकलेली केळी गुळात कुस्करून, एक दिवस आंबवून, ती झाडाच्या बुंध्यावर छातीइतक्या उंचीवर फासावी आणि तासातासाने मंद विजेरीने पाहून यावे. पंखांवर घुबडाच्या डोळ्यांसारखे मोठे ठिपके असलेले तपकिरी पतंग अशा जागी येतात. ऐन किंवा अर्जुन यांची झाडे जवळ असतील तर टसरचा मोठा पतंगही दिसू शकतो. त्याला प्रौढपणी खाण्यासाठी उपयोगी तोंडच नसते; अळीने साठवलेल्या शक्तीवर तो थोडेच दिवस जगतो आणि तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालण्याचे काम उरकतो. त्याला हाताळण्यात वेळ घेतला तर त्याच्या आयुष्याचा मोठा हिस्सा आपण घेतो, एवढे मित्रांना आधी सांगून ठेवावे. दिवसा शेतघराभोवतीची कण्हेर, तगर आणि सदाफुली यांची पाने तपासावीत. शेपटीवर लहान शिंग आणि मानेपाशी निळे-पांढरे डोळे असलेली बोटभर लांबीची हिरवी अळी सापडली, तर ती ‘ओलिअँडर हॉकमॉथ’ची आहे. कण्हेरीवरच सोनेरी, आरशासारखा चमकणारा कोष लटकलेला दिसला तर तो मात्र ‘कॉमन क्रो’ म्हणजे हबशी या फुलपाखराचा आहे.

निरीक्षण झाल्यावर, झोपायला जाण्याआधी दिवा अवश्य बंद करावा आणि पडदा रात्रभर तसाच टांगून ठेवू नये. पहाटेपर्यंत पतंग त्यावर बसून राहिले, तर उजाडताच बुलबुल आणि कोतवाल येऊन ते टिपून नेतात. चादर हळूच उतरवून दाट झुडपापाशी न्यावी, पतंग बोटाने न झटकता पानांवर चढू द्यावेत आणि जे चढत नाहीत त्यांच्यासाठी चादर झुडपाखाली अर्धा तास पसरून ठेवावी.